महासंगणकाचे दार आणि त्याची किल्ली

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. तो सध्या पुण्यास पाषाण येथील आयसर ह्या विज्ञानसंस्थेत पदार्थविज्ञानाचा अभ्यास करितो. त्याच्या वडिलांची केळीची बाग सावद्याच्या शिवारातच असल्यामुळे आमची भेट शाळेत न होता बागेतील पंपघराच्या ओट्यावर झाली. बोलता बोलता त्याने मांडीवरचा लहान संगणक उघडला, तो मोबाइलच्या साहाय्याने इंटरनेटला जोडला, पडद्यावर एक ओळ लिहिली आणि "सर, मी आता पुण्याच्या परम ब्रह्मवर आहे," असे अगदी सहज सांगितले. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहून विचारले, "पण त्या मशीनले कसं समजतं रे, का तू तूच आहे म्हणून?"

मुलाने दोन वाक्यांत उत्तर दिले. ते वडिलांस पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही समाधान झाले नाही. शंभर कोसांवर बसलेल्या यंत्राने, ज्यास डोळे नाहीत व कान नाहीत, आपला धनी कोण आणि चोर कोण हे ओळखावयाचे तरी कसे? ह्या प्रश्नाने पुढे काही आठवडे आमचा पिच्छा पुरविला. त्या अवधीत जे वाचले, विचारले आणि कागदावर आकडेमोड करून ताडून पाहिले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. पालकांनी हा लेख मुलांचा म्हणून बाजूस सारू नये. पुढे कळून येईल की, ह्या दाराशी त्यांचाही रोजचा संबंध आहे.

प्रथम हे परम ब्रह्म काय आहे ते थोडक्यात सांगतो. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. परदेशचा महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्यामुळे आपला आपणच बांधावा, असा तिचा हेतु होता, आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तेथे 'परम ८०००' हे यंत्र उभे राहिले. त्याच कुळातील परम ब्रह्म हे यंत्र २०१९ साली आयसरमध्ये बसविण्यात आले. एका सेकंदास सुमारे ७९७ लक्ष कोटी आकडेमोडी करण्याची त्याची शक्ती आहे. पाषाणलाच हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम ही संस्था आहे, आणि तेथे २०१८ साली 'प्रत्यूष' व २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक आले. मे-जूनच्या वादळी वाऱ्याने उभ्या बागा आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्यांस अशा यंत्रांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

अशी यंत्रे थोडी आणि त्यांवर काम करू इच्छिणारे पुष्कळ. ते सर्व एका खोलीत येऊन बसू शकत नाहीत, म्हणून दुरून आत शिरण्याची सोय करावी लागते. हिलाच 'रिमोट लॉगिन' म्हणतात. पूर्वी असा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचा मोठा संगणक आला, तेव्हा भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन संशोधक खिडकीपाशी जात, गठ्ठा देत आणि उत्तराचे कागद मागाहून घेऊन येत. दारावरचा पहारेकरी व खिडकीतला माणूस चेहरा ओळखीत असे. तीच तेथली किल्ली. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी दुरून बसून काम करावे ही कल्पना प्रत्यक्षात आली, तेव्हा चेहऱ्याची ओळख निरुपयोगी झाली.

ती कल्पना अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६१ च्या सुमारास साकार केली. प्रत्येकाचे कागद प्रत्येकापाशीच राहावे म्हणून त्यांनी हरएक माणसास एकेक गुप्त शब्द दिला. संगणकावरील पासवर्डाचा जन्म हा असा झाला, आणि त्याची पहिली चोरीही त्याच घरात झाली. ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्यास आठवड्यास चार तासच यंत्र मिळे व तेवढ्यात त्याचे काम भागत नसे. त्याने १९६२ साली एक युक्ति करून सर्वांच्या गुप्त शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर तो काम करू लागला. ही गोष्ट त्याने स्वतःच पुष्कळ वर्षांनी सांगितली. पुढे १९६६ साली तर एका चुकीमुळे यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकास रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे गुप्त शब्दच वाचावयास मिळाले! आमच्या विद्यार्थ्यांनी शेरचे कौतुक करू नये; परंतु त्याच्या कृत्याने एक मोठा दोष उघड झाला हे मान्य केले पाहिजे. तो दोष असा की, ज्याने कुलूप केले त्याने सर्व किल्ल्यांच्या प्रती एकाच पेटीत ठेविल्या होत्या.

ह्यावर उपाय निघाला तो आमच्या मते फार सुंदर आहे. यंत्राने गुप्त शब्द मुळी जपूनच ठेवू नये! मग आलेला शब्द खरा की खोटा हे त्यास कसे कळावे? जात्याचा दृष्टान्त घेऊ. ज्वारी दळली म्हणजे पीठ होते. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. यंत्र आपल्या शब्दास एका ठरलेल्या गणिती जात्यात घालून त्याचे पीठ करिते आणि ते पीठ तेवढे जपून ठेविते. पुढच्या खेपेस आपण शब्द लिहिला की तो पुन्हा त्याच जात्यात दळावयाचा, आणि नवे पीठ जुन्या पिठाशी जुळते की नाही एवढेच पाहावयाचे. चोराने कोठार फोडले तरी त्याच्या हाती पीठच लागते.

पण चोरही काही कमी नसतो. तो म्हणतो, जाते तर सर्वांस ठाऊक आहे. मग आपण घरी बसून हजारो सामान्य शब्द दळून ठेवू आणि कोणाचे पीठ कोणाशी जुळते ते पाहू. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्सन ह्या दोघांनी १९७९ साली लिहिलेल्या एका निबंधात ह्यावरचा तोड दिला आहे. प्रत्येक माणसाच्या शब्दात दळण्यापूर्वी यंत्राने आपल्या मनाचे काही निराळे आकडे मिसळावे, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगवेगळे होईल आणि चोराची आगाऊ दळणे फुकट जातील. ह्या मिसळलेल्या आकड्यांस त्या धंद्यातील लोक 'मीठ' असेच म्हणतात. आमच्या खानदेशात त्यांचा जन्म झाला असता तर कळण्याच्या भाकरीवरून त्यांनी 'उडीद' म्हटले असते!

तरीही शब्दच जर पोकळ असेल, तर जाते व मीठ काय करणार? विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. इंग्रजीची २६ लहान अक्षरे घेऊन सहा अक्षरी शब्द किती होतील? सव्विसाचा सहावा घात, म्हणजे ३० कोटी ८९ लक्षांहून काही अधिक. सेकंदास दहा लक्ष शब्द तपासणारे यंत्र चोरापाशी असेल, तर त्यास हे सर्व तपासावयास सव्वापाच मिनिटे पुरतात. तोच शब्द बारा अक्षरांचा केला तर त्याच वेगाने सुमारे तीन हजार वर्षे लागतील. अक्षरे दुप्पट केली आणि काळ मिनिटांचा हजारो वर्षे झाला, ही घातांकाची करामत होय. मात्र ती अक्षरे खरोखर कशीही, अंदाज न लागेल अशी, निवडलेली पाहिजेत. मुलीचे नाव आणि पुढे तिचे जन्मवर्ष असा बारा अक्षरी शब्द केला तर चोरास तीन हजार वर्षे कशास, तीन कप चहा पिईपर्यंतचा वेळही लागावयाचा नाही.

येथवर शब्द यंत्रात पोहोचल्यावर काय होते ते पाहिले. आता तो सावद्याहून पुण्यास पोहोचेपर्यंत वाटेत काय होते ते पाहू. पूर्वी दूरच्या यंत्रात शिरण्यास टेलनेट नावाची पद्धत वापरीत. तीत आपण लिहिलेले अक्षर न् अक्षर, गुप्त शब्दासुद्धा, उघडे जात असे. पोस्टकार्डावर मजकूर लिहावा व तो वाटेतील प्रत्येक टपालवाल्याने वाचावा, तशातला तो प्रकार. फिनलंड देशात हेलसिंकी तंत्रविद्यापीठात १९९५ साली कोणी चोराने असाच वाटेत कान लावून हजारो गुप्त शब्द टिपून घेतले. तेथील तातु इलोनेन ह्या तरुण संशोधकाने त्यावरून धडा घेऊन त्याच वर्षी एक नवी पद्धत रचली व ती जगास फुकट देऊन टाकली. तिचे नाव एसएसएच. मराठीत 'सुरक्षित कवच' असे म्हणता येईल. आमच्या विद्यार्थ्याने पंपघराच्या ओट्यावर लिहिलेल्या ओळीचा पहिला शब्द तोच होता. आज जगातील बहुतेक महासंगणकांची दारे ह्याच पद्धतीने उघडतात.

ह्या पद्धतीत पहिले काम असे की, दोन्ही यंत्रांनी आपापसात एक गुप्त आकडा ठरवावयाचा व पुढचे सर्व बोलणे त्या आकड्याने कुलूपबंद करावयाचे. पण आकडा ठरवावयाचा तो उघड्या रस्त्यावर, सर्वांच्या देखत! हे अशक्य वाटते. आम्हांसही वाटले होते. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन ह्यांनी १९७६ साली ते शक्य करून दाखविले, आणि त्याचे लहानसे उदाहरण आठवीच्या मुलासही पाटीवर करून पाहता येईल.

सावद्याचे यंत्र व पुण्याचे यंत्र उघडपणे ठरवितात की, आपण ५ च्या घातांचा हिशेब करू व त्यास २३ ने भागून बाकी तेवढी घेऊ. आता सावद्याने मनात ३ हा आकडा धरिला. पाचाचा तिसरा घात १२५. त्यास २३ ने भागिले तर बाकी १०. हा १० त्याने पुण्यास उघड कळविला. पुण्याने मनात ७ धरिला. पाचाचा सातवा घात ७८,१२५, बाकी १७. हा १७ त्याने सावद्यास उघड कळविला. आता सावदा आलेल्या १७ चा तिसरा घात करितो, म्हणजे ४,९१३, आणि बाकी उरते १४. पुणे आलेल्या १० चा सातवा घात करिते, म्हणजे एक कोटी, आणि बाकी उरते तीही १४! दोघांपाशी १४ हा आकडा आला, पण तो रस्त्यावरून गेलाच नाही. रस्त्यावरच्या चोराने ५, २३, १० व १७ एवढेच ऐकिले. येथे आकडे लहान आहेत म्हणून तो ३ व ७ शोधून काढील. पण २३ च्या जागी शेकडो अंकांची संख्या घेतली, तर आज माहीत असलेल्या रीतींनी जगातील महासंगणकांसही ते शोधणे साध्य नाही. असे होते तरी का, असे ज्या विद्यार्थ्यास वाटेल त्याने वर्गात अवश्य विचारावे. घातांचे जे नियम आपण परीक्षेपुरते पाठ करितो, त्यांतच ह्याचे उत्तर आहे.

आता एक शंका उरते, आणि ती फार जणांस सुचत नाही. पुण्याच्या यंत्राने आपणांस ओळखावे हे ठीक. पण समोर आहे ते पुण्याचेच यंत्र कशावरून? एखाद्या ठकाने मध्येच तसेच दार उभे केले असेल तर आपण त्याच्याच हाती किल्ली देऊ. म्हणून एसएसएच मध्ये प्रथम यजमानास आपली ओळख पटवावी लागते. पहिल्या भेटीच्या वेळी दूरचे यंत्र आपल्या किल्लीचा एक लांबलचक ठसा पडद्यावर दाखविते व विचारिते की, हा ठसा ओळखीचा आहे काय? संस्थेकडून खरा ठसा आधी मागवून घ्यावा आणि ताडून पाहून मगच होकार द्यावा, अशी रीत आहे. एकदा होकार दिला म्हणजे आपला संगणक तो ठसा लक्षात ठेवितो, आणि पुढे कधी तो बदललेला दिसला तर मोठ्याने सावध करितो. आम्ही त्या विद्यार्थ्यास विचारिले, "मग तू पहिल्या दिवशी ठसा ताडून पाहिला होतास ना?" तो हसला आणि जमिनीकडे पाहू लागला. हुशार माणसेही येथेच चुकतात.

यजमानाची खात्री पटल्यावर पाहुण्याची पाळी. येथे गुप्त शब्द लिहिता येतो, पण त्याहून उत्तम अशी जोडकिल्लीची रीत आहे. तिच्यात आपला संगणक गणिताने दोन किल्ल्या एकदमच तयार करितो. एक उघडी, जी महासंगणकाच्या पहारेकऱ्याकडे देऊन ठेवावयाची. दुसरी खासगी, जी आपल्या संगणकाबाहेर कधीच जाऊ द्यावयाची नाही. पेशवाईतील मोर्तबाची आठवण करावी. मोर्तबाचा ठसा कसा दिसतो हे साऱ्या कारकुनांस ठाऊक, परंतु ठसा उठविणारा शिक्का एकाच्याच हाती. खासगी किल्ली हा शिक्का आणि उघडी किल्ली ही ठशाची ओळख. फरक इतकाच की, जुन्या कागदावरचा ठसा कोणी कापून दुसऱ्या कागदावर चिकटविला तर लबाडी साधली असती. येथे दर भेटीस त्या भेटीपुरता नवा कागद पुढे येतो व त्यावरच ठसा उठवावा लागतो. कालचा ठसा आज चालत नाही. खासगी किल्ली स्वतः प्रवास करीत नाही, म्हणून ती वाटेत लुटलीही जात नाही.

मात्र ती घरातून चोरीस जाऊ शकते. मे २०२० मध्ये, जेव्हा सारे जग महामारीने घरात कोंडले होते, तेव्हा युरोपातील अनेक महासंगणकांवर एकदम दरोडा पडला. एडिंबरो येथील 'आर्चर' बंद ठेवावा लागला. जर्मनीतील व स्वित्झर्लंडमधील कित्येक केंद्रांनीही आपली दारे लावून घेतली. चोरांनी दाराचे कुलूप फोडिले नव्हते. निरनिराळ्या विद्यापीठांतील संशोधकांच्या एसएसएच किल्ल्या व शब्द त्यांनी चोरिले होते, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ते खऱ्या माणसांच्या नावाने चालत गेले. काही ठिकाणी तर त्या प्रचंड शक्तीचा उपयोग त्यांनी कूटचलन कमावण्याकडे केला. आर्चरच्या सर्व वापरकर्त्यांस नवे शब्द व नव्या किल्ल्या कराव्या लागल्या. ज्या दिवसांत रोगावर संशोधन करणाऱ्यांस त्या यंत्रांची विशेष गरज होती, नेमक्या त्याच दिवसांत ती बंद राहिली. खासगी किल्लीवर तिचा स्वतःचा गुप्त शब्द घालून ठेवावा, आणि ती दुसऱ्याच्या किंवा सर्वांच्या यंत्रावर मुळीच ठेवू नये, ह्या साध्या नियमाकडे ज्यांनी दुर्लक्ष केले त्यांच्या चुकीचे फळ त्यांच्यापुरते राहत नाही, तर सर्वांस भोगावे लागते.

ओळख पटविण्याचे उपाय जगात तीनच आहेत: तुम्हांस काय ठाऊक आहे, तुमच्यापाशी काय आहे, आणि तुम्ही स्वतः काय आहा. तिसऱ्याचे फार जुने उदाहरण पवित्र शास्त्रात शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लावीत. एफ्राइमी माणसास 'श' नीट उच्चारता येत नसे, आणि तेवढ्यावरून त्याचे मरण ठरे. आज विद्यापीठांनी एकमेकांच्या माणसांस ओळखावे म्हणून जी एक संगणकप्रणाली वापरली जाते, तिचे नावही 'शिब्बोलेथ' असेच आहे. सुदैवाने तिच्या दाराशी चुकणाऱ्यास पुन्हा प्रयत्न करता येतो.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे. बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे ह्यांवरून माणूस ओळखणारे 'आधार' हे भारतात प्रथम दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. ही ओळख विसरण्याची भीती नाही हा तिचा गुण. परंतु आयुष्यभर माती व विळा ह्यांशी झटलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा यंत्रास उमटत नाहीत, हे आपण रेशनच्या दुकानात पाहतो. शिवाय गुप्त शब्द चोरीस गेला तर नवा करता येतो. बोट नवे करता येत नाही.

तिन्हींपैकी प्रत्येकात काही उणे आहे, म्हणून शहाणे पहारेकरी दोन एकत्र मागतात. महासंगणकांच्या कित्येक केंद्रांत शब्दाबरोबर मोबाइलवरचा सहा अंकी आकडाही द्यावा लागतो. तो मोबाइलला कसा कळतो? प्रथम नोंद करितेवेळी यंत्र व मोबाइल ह्यांत एक गुपित ठरते. पुढे दोघेही ते गुपित व त्या घटकेची वेळ एकत्र दळतात आणि त्यातून सहा अंक काढितात. वेळ दोघांकडे एकच असल्याने अंकही एकच येतात, आणि तीस सेकंदांनी ते बदलतात. बँकेकडून संदेशाने येणारा ओटीपी ह्याहून थोडा निराळा, कारण तो बँकच ठरविते व धाडते. पण 'हा मोबाइल ज्याच्या हाती आहे तोच मी' असे सिद्ध करणे हे दोहोंचेही काम आहे.

आता पालकांस विशेष विनंती. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी केळी कापली, पैसे खात्यावर जमा झाले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांस फोन आला. बोलणारा अत्यंत अदबीने "काका, मी बँकेतून बोलतो" असे म्हणाला. खाते बंद पडू नये म्हणून आलेला आकडा सांगा, असे त्याने सांगितले. ह्यांनी वजनकाट्यापाशी उभ्या उभ्या तो सांगितला, आणि गाडी भरून होण्यापूर्वी हंगामाच्या कमाईतील मोठा भाग गेला. तो गृहस्थ आमच्यापुढे बसून म्हणाला, "सर, मी अडाणी थोडाच आहे?" नाहीच. ते अडाणी नव्हते; कामाच्या गर्दीत होते, आणि चोराने तीच वेळ साधली.

सावद्याहून बऱ्हाणपूर ओलांडून पुढे गेले म्हणजे असीरगडचा किल्ला लागतो. त्यास दक्षिणेचे दार म्हणत. अकबर बादशहाने त्यास महिनोगणती वेढा घातला, आणि १६०१ सालच्या आरंभी तो त्याच्या हाती आला. तोफांनी तट पडला नाही. आतल्या अधिकाऱ्यांस सोने चारून दार उघडविले, असे त्या काळच्या काही लेखकांनी लिहून ठेविले आहे. आजच्या चोरास सोनेही खर्चावे लागत नाही, गोड आवाज पुरतो. वर वर्णिलेले सारे गणित इतके पक्के आहे की त्यावर चालून जाण्याच्या भरीस चोर सहसा पडत नाही. तो किल्लेदारालाच फोन करितो. म्हणून बँकेचा, सरकारचा वा शाळेचा कोणताही खरा माणूस तुमचा आकडा तोंडी विचारीत नाही हे ध्यानात ठेवावे; आणि चूक घडलीच तर लाजत न बसता त्याच घटकेस १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

दुसऱ्यास सांगणाऱ्याने आपलेही सांगावे. परीक्षेचे गुण भरावयाच्या संकेतस्थळाचा गुप्त शब्द आम्ही स्वतः कित्येक महिने एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेविला होता. नववीतील एका मुलाने तो वाचला. त्याने काहीएक केले नाही. मधल्या सुटीत येऊन "सर, ती चिठ्ठी उलटी ठेवा," एवढेच हळूच सांगितले. आम्ही त्याचे आभार मानिले, शब्द त्याच दिवशी बदलला, आणि चिठ्ठी फाडून टाकिली. त्या मुलाचे गुण आम्ही नेहमीपेक्षा जरा काळजीने तपासले, हेही कबूल करितो. ते होते तसेच होते.

पहारा करणाऱ्याची नजर कशी असावी ह्याचे एक नवे उदाहरण मार्च २०२४ मधले आहे. आंद्रेस फ्रोइंड नावाच्या अभियंत्यास दिसून आले की, आपल्या यंत्रावर एसएसएच ने शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्याने माग काढिला, तेव्हा 'एक्सझेड' नावाच्या एका साध्या साहाय्यक प्रणालीत कोणी मोठ्या चतुराईने चोरवाट बसविली असल्याचे आढळले. ती पसरली असती तर जगातील असंख्य यंत्रांची दारे एका अज्ञात माणसास उघडी झाली असती.

पंपघराच्या ओट्यावर त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. शिरल्यावर विद्यार्थी थेट महासंगणकाच्या गाभ्यात पोहोचला नव्हता. तो पोहोचला होता ओसरीवर. तेथे आपले काम लिहून द्यावयाचे, ते रांगेत लागते, आणि पाळी आली म्हणजे आतली यंत्रे ते उचलतात. त्याने काम रांगेत लावले, बाहेर पडण्याचा शब्द लिहिला व संगणक मिटला. "आता बंद केल्यावर तुझं काम कसं चालल?" वडिलांनी पुन्हा विचारिले. "चालेल, बाबा. ते तिकडे चालतं, इथे नाही." मग दोघे ठिबकच्या नळ्या पाहावयास गेले. पहाटे केव्हातरी त्याची पाळी लागली व हिशेब पुरा झाला. त्या वेळी तो गाढ झोपेत होता.